कॉम्प्युटरवरचा रोबो-फुटबॉल: कॉलेजच्या स्पर्धेसाठी नियम आणि सॉफ्टवेअर कसं तयार करायचं

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की लाइन्समनचं काही खरं नसतं. ऑफसाइड दिला तर एका बाजूचा गलका, नाही दिला तर दुसऱ्या बाजूचा. सिम्युलेशनच्या रोबो-फुटबॉलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्येच प्रोग्रॅमविरुद्ध प्रोग्रॅम चालणाऱ्या खेळात, ऑफसाइड सॉफ्टवेअरच देतं आणि त्याच्यावर ओरडून उपयोग नाही हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे पहिल्यांदा स्पर्धा भरवणाऱ्यांना वाटतं, नियमांची कटकट मिटली. मिटत नाही. भांडणं फक्त दुसरीकडे सरकतात. ‘आमचे दोन खेळाडू कनेक्टच झाले नाहीत’, ‘त्यांचं मशीन फास्ट होतं’, ‘पेनल्टी होणार हे आधी कुठं सांगितलं होतं?’

कोल्हापूर परिसरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेजला, नाहीतर बीसीएच्या विभागाला, दोनेक महिन्यांच्या तयारीत अशी स्पर्धा भरवता यावी म्हणून हे लिहितोय. एक सूत्र आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: ज्या नियमाचा निकाल सर्व्हरची (खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग किंवा लॉग फाइल (सामन्याची आपोआप झालेली नोंद) दाखवून देता येत नाही, तो नियम लिहू नका. म्हणजे आधी सॉफ्टवेअर चालवायचं आणि मग नियमावली लिहायची. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं.

आधी खेळ कोणता ते ठरवा

रोबोकप ही जागतिक स्पर्धा १९९७ साली जपानमधल्या नागोया इथं सुरू झाली. २०५० पर्यंत माणसासारख्या स्वयंचलित रोबोंच्या संघानं फिफा विश्वविजेत्यांना हरवायचं, हे तिचं जाहीर ध्येय. तिच्यात खऱ्या रोबोंच्या लीग आहेत, तशाच पहिल्या वर्षापासून सिम्युलेशनच्याही आहेत.

आपल्यासमोर मुख्य पर्याय दोन. टू-डी लीगमध्ये खेळाडू म्हणजे वरून दिसणारा एक गोल ठिपका असतो. चालण्या-पडण्याचा प्रश्नच नाही, सगळा जोर डावपेचांवर. थ्री-डी लीगमध्ये नाओ या मानवाकृती रोबोचं मॉडेल असतं, सिम्युलेटरचं एक चक्र, म्हणजे खेळ एक पाऊल पुढं सरकण्याचा वेळ, २० मिलिसेकंदांचं, आणि खेळाडूला सांधा न् सांधा हलवून आधी उभं राहायला शिकवावं लागतं. पहिल्या वर्षी थ्री-डी घेतलं तर पोरांचा सगळा वेळ रोबो पडू नये यातच जाईल आणि प्रेक्षकांना अर्धा तास नुसती लोळालोळी बघावी लागेल. शाळेच्या मुलांसाठी वेबोट्स या सिम्युलेटरवर तीन-तीन रोबोंचा सोपा खेळ आहे, तो पायथनमध्ये लिहिता येतो. पण कॉलेजला टू-डी घ्या. पुढचं सगळं टू-डीबद्दल आहे.

सर्व्हर चालवा, मगच कागद हातात घ्या

टू-डीचा सिम्युलेटर मुक्त आणि मोफत आहे, गिटहबवर मिळतो. त्याचे तीन भाग: खेळ चालवणारा सर्व्हर, सामना दाखवणारा मॉनिटर आणि झालेला सामना परत दाखवणारा लॉगप्लेअर. उबुंटूवर सीमेक, फ्लेक्स, बायसन, बूस्ट आणि मॉनिटरसाठी क्यूटी एवढी पॅकेजं टाकली की सोर्सवरून बिल्ड होतो. घरी विंडोज असणाऱ्या पोरांना व्हर्च्युअल मशीन किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरू द्या, पण स्पर्धेची मशीनं निखळ उबुंटूचीच ठेवा.

बिल्ड झाल्यावर पहिलं काम म्हणजे आवृत्ती गोठवणं. सर्व्हरचा आवृत्ती क्रमांक, उबुंटूचा क्रमांक आणि कंपायलरचा क्रमांक एका कागदावर लिहा आणि तो कागद नियमावलीचं पहिलं पान करा. त्या मशीनची डॉकर इमेज किंवा डिस्क इमेज, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरसकट हुबेहूब प्रत, काढून सर्व संघांना पेनड्राइव्हवर द्या. ‘आमच्याकडे चालत होतं’ हे वाक्य त्यानंतर फारसं ऐकू येत नाही. नोंदणी सुरू झाल्यावर सर्व्हरची नवी आवृत्ती आली, तरी तिच्याकडे ढुंकून बघू नका.

सर्व्हर पहिल्यांदा चालवला की घरच्या फोल्डरमध्ये सेटिंगच्या फाइली तयार होतात, एक सर्व्हरची आणि एक खेळाडूंच्या प्रकारांची. त्यातली ओळ न् ओळ वाचा. दुपार जाईल, पण नियमावलीचा अर्धा मजकूर तिथंच मिळतो.

मैदानाचे आकडे

मैदान १०५ बाय ६८ मीटर, खऱ्या मैदानाएवढं. मध्यबिंदू शून्य-शून्य, एक गोलरेषा उणे ५२.५ वर आणि दुसरी अधिक ५२.५ वर. गोल मात्र १४.०२ मीटर रुंद, खऱ्या गोलच्या (७.३२ मीटर) जवळजवळ दुप्पट. सामना ६००० चक्रांचा, दोन हाफ मिळून. एक चक्र १०० मिलिसेकंदांचं, म्हणजे एकूण १० मिनिटं.

चेंडूचा कमाल वेग चक्राला ३ मीटर. दर चक्राला वेग ०.९४ पट होतो, म्हणजे सणसणीत मारलेला चेंडूही मोकळ्या मैदानात एकूण ५० मीटर जाऊन थांबतो (३ भागिले ०.०६). खेळाडू पूर्ण जोरात पळाला तर चक्राला साधारण १ मीटर. हे दोन आकडे फळ्यावर लिहून ठेवा. चेंडूमागं पळणं आणि चेंडू जिथं येणार तिथं आधी पोचणं यातला फरक पोरांना या दोन आकड्यांवरून कळतो. पेठेतल्या पोराला तो मैदानावर आपोआप येतो, प्रोग्रॅमला शिकवावा लागतो.

दमाचा हिशेब त्याहून मजेचा आहे. खेळाडूकडे सुरुवातीला ८००० एवढा दम. पूर्ण जोराच्या एका चक्राला १०० खर्च होतो आणि जास्तीत जास्त ४५ भरून येतो, म्हणजे निव्वळ ५५ जातो. शंभरेक चक्रं, म्हणजे दहा सेकंद, असं पळालं की दम ३० टक्क्यांवर येतो. त्याच्या खाली गेलं की भरून येण्याचा वेगही उतरू लागतो आणि त्या हाफमध्ये तो पुन्हा वाढत नाही. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत एकदा जीव तोडून पळालेला खेळाडू पुढं अर्धमेला फिरतो तो यामुळे. त्यावर पूर्ण सामन्यासाठी १३०६०० एवढा दमाचा एकूण साठा ठरलेला असतो, तो संपला की संपला. नवख्या संघांचा शेवटच्या पाच मिनिटांत धुव्वा उडतो, त्याचं कारण बहुधा इथं सापडतं.

खेळाडूला दिसतं तेही नेमकं नसतं. सर्व्हर त्याला झेंडे, रेषा, चेंडू आणि इतर खेळाडू यांचं अंतर आणि कोन पाठवतो, पण अंतर मुद्दाम गोलमटोल केलेलं. वस्तू जितकी लांब, तितकी चूक मोठी. स्वतः कुठं उभा आहे हे कुणी सांगत नाही, झेंड्यांवरून काढावं लागतं. साध्या मोडमध्ये (सर्व्हर घड्याळाप्रमाणे चालतो तेव्हा) दृष्टीचा निरोप मुळात दर १५० मिलिसेकंदांनी येतो आणि चाल दर १०० मिलिसेकंदांनी द्यायची असते, म्हणजे अधूनमधून न बघताच खेळायचं. मैदानात ओरडून निरोप देता येतो, तोही १० अक्षरांपर्यंतचा आणि ५० मीटरच्या आत ऐकू जाणारा.

आता शून्यापासून लिहिणारे जिथं हमखास अडकतात ती जागा. खेळाडूचा प्रोग्रॅम यूडीपीवर सर्व्हरच्या ६००० नंबरच्या पोर्टला ‘इनिट’चा निरोप पाठवतो, त्यात संघाचं नाव आणि प्रोटोकॉलचा क्रमांक असतो. सर्व्हर उत्तर देतो: तुमची बाजू डावी, नंबर १, खेळ सुरू व्हायचा आहे. हे उत्तर ६००० वरून येत नाही, त्या खेळाडूसाठी उघडलेल्या वेगळ्याच पोर्टवरून येतं. पुढच्या सगळ्या आज्ञा त्या नव्या पोर्टला पाठवायच्या असतात. प्रोग्रॅम ६००० लाच पाठवत राहिला तर खेळाडू मैदानाबाहेर नुसता उभा राहतो आणि पोरगं रात्रभर पळण्याचा कोड तपासत बसतं. कार्यशाळेत हे पहिल्या तासाला दाखवा.

संघांना काय आयतं द्यायचं

अकरा खेळाडूंचा संघ शून्यापासून दोन महिन्यांत लिहून होत नाही. जगभरचे संघसुद्धा बेस टीमवर, म्हणजे कुणीतरी खुल्या केलेल्या तयार संघाच्या कोडवर, उभे असतात. हेलिओस या जपानी संघाचा एजंट२डी आणि त्याखालची लिबआरसीएससी लायब्ररी सगळ्यांत जास्त वापरात आहे, सी प्लस प्लसमध्ये. त्यावर उभे ग्लायडर्स२डी आणि सायरस२डी हे बेसही खुले आहेत. पायथनवाल्यांसाठी पायरस२डी आहे.

माझं मत असं: एकच बेस सगळ्यांना सक्तीचा करू नका, पण तीन-चार नावांची यादी ठरवून टाका. भाषेची मोकळीक राहते आणि तुम्हाला तपासायला मर्यादित गोष्टी राहतात. जो बेस घेतला तो नोंदणी अर्जात लिहायचा, आणि मूळ बेसपेक्षा काय बदललं याचं दोन पानी टिपण सोबत द्यायचं. जागतिक स्पर्धेतही पात्रतेसाठी संघवर्णनाचा शोधनिबंध मागतात. आपल्याकडे दोन पानं पुरेत, मराठीत लिहिली तरी चालतील.

आयता बेस जसाच्या तसा घेऊन आलेला संघ कसा ओळखायचा? तो बेस तुम्हीच ‘आयोजक संघ’ म्हणून उतरवा. त्याला गुण नाहीत, बक्षीस नाही. पण प्रत्येक संघाचे त्याच्याशी दहा सामने आपोआप खेळवा आणि गोलफरक बेरजेत पुढे असेल तरच मुख्य फेरीत प्रवेश. चाळणीही झाली, वादही नाही.

नियमावली

सर्व्हर जे स्वतः बघतो ते नियमावलीत पुन्हा लिहू नका. ऑफसाइड, थ्रो-इन, कॉर्नर, गोलकिक, गोलकीपरला दिलेला बॅकपास, टॅकलमधले फाऊल आणि कार्ड हे त्याचं काम. तुम्ही ते तुमच्या शब्दांत लिहिलंत तर दोन नियम तयार होतात, आणि सामन्यात कुणीतरी तुमच्या कागदावर बोट ठेवतं. त्याऐवजी एक वाक्य: ‘खेळाचे नियम म्हणजे सोबत जोडलेल्या सेटिंग फाइलसह चालणारा गोठवलेला सर्व्हर. त्याचा निर्णय अंतिम.’ आणि ती फाइल खरंच जोडा.

सर्व्हरला जे दिसत नाही, ते मात्र सविस्तर लिहा.

पहिली गोष्ट खेळाडूंमधल्या बोलण्याची. प्रत्येक खेळाडू म्हणजे स्वतंत्र प्रोसेस, आणि त्यांनी एकमेकांशी फक्त सर्व्हरमधून बोलायचं, हा या खेळाचा पाया आहे. एकाच मशीनवर चालणाऱ्या अकरा प्रोसेसना शेअर्ड मेमरी किंवा एखादी फाइल वापरून चोरून बोलणं सोपं असतं, आणि मग अकराही जणांना सगळं मैदान दिसतं. नुसतं ‘बोलू नये’ लिहून भागत नाही. असं लिहा: ‘संघ वेगळ्या युजर खात्यातून चालेल, त्या खात्याला कुठंही लिहिण्याची परवानगी नसेल, फायरवॉल सर्व्हरच्या पत्त्याशिवाय सगळं अडवेल, आणि समितीतले दोघे सोर्स कोड कधीही मागू शकतील.’ हे तपासता येतं. सामन्यानंतरचं टिपण संघाला हवं असेल तर ते आपल्या लॉगमधून द्या.

दुसरी, खेळाडू गळाल्याची. यावर सर्वांत जास्त आवाज चढतो. माझा मसुदा असा: ‘संघाचे किमान ७ खेळाडू जोडले गेले तर सामना सुरू होईल. त्याहून कमी असतील तर ५ मिनिटांत एकदा पुन्हा प्रयत्न, नंतर समोरच्या संघाला ३–० ने विजय. सामन्यात खेळाडूची प्रोसेस बंद पडली तर उरलेल्यांनिशी खेळायचं. दोन्ही संघांचे मिळून ४ किंवा जास्त खेळाडू एकाच चक्रापासून गप्प झाले तर दोष यंत्रणेचा मानून सामना ०–० पासून पुन्हा.’ सातचा आकडा खऱ्या फुटबॉलच्या नियमांतला आहे, त्यामुळे पटवून द्यावा लागत नाही. आणि गप्प झाले की नाही ते सर्व्हरच्या मजकुरी लॉगमध्ये दिसतं. त्यात चक्र क्रमांकासह प्रत्येक खेळाडूची प्रत्येक आज्ञा ओळीनं असते. चक्र ४१२० ला ७ नंबरनं ‘डॅश १००’ पाठवलंय आणि ४१२१ पासून त्याची ओळच नाही, एवढं कॅप्टनला दाखवलं की विषय संपतो.

तिसरी, बरोबरीची. गटात अतिरिक्त वेळ आणि पेनल्टी दोन्ही सेटिंगमधून बंद करा. बाद फेरीत चालू ठेवा, पण संघांना महिनाभर आधी सांगा. कारण इथली पेनल्टी म्हणजे ठेवलेल्या चेंडूवर एक लाथ नव्हे. चेंडू गोलरेषेपासून ४२.५ मीटरवर ठेवतात, मारणारा तिथून चेंडू घेऊन गोलकीपरवर चालून येतो आणि ठरलेल्या वेळात गोल करायचा असतो. त्यासाठी वेगळा कोड लागतो. ज्यांनी तो लिहिलेला नाही त्यांचा खेळाडू चेंडूशेजारी खांबासारखा उभा राहतो आणि हॉलमध्ये हशा पिकतो.

गटात गुण सारखे झाले तर? बहुतेकजण गोलफरक आधी लावतात. मी आपसातला सामना आधी लावतो. या खेळात कच्चा संघ मधेच कोलमडला तर समोरच्याला वीस-वीस गोल फुकट मिळतात, आणि मग गोलफरक कोणाचा खेळ चांगला हे न सांगता कोणाला कोलमडलेला संघ मिळाला एवढंच सांगतो. आपसातलाही बरोबरीत असेल तर गोलफरक, मग केलेले गोल, मग फेरसामना. चिठ्ठी नको.

संघाच्या नावाबद्दल एक कलम आवर्जून घाला: रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच, १५ अक्षरांच्या आत, रिकामी जागा नाही. स्क्रिप्ट आणि फाइलींची नावं त्यावर अवलंबून असतात. आणि तालीम मंडळांची, म्हणजे कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची, नावं घेऊ देऊ नका. पोरं हौसेनं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा लावतील, आणि कॉम्प्युटरवरचा ९–० बाहेर व्हॉट्सॲपवर पोचायला वेळ लागत नाही. टस्सल मैदानातच राहू दे.

सर्व्हरला निरोपांचा भडिमार करून तो मंद करणं, मॉनिटर जोडून खेळात हात घालणं, समोरच्या संघाचं नाव घेऊन इनिट पाठवणं, हे तीन प्रकार एका ओळीत ‘सामना जप्त’ म्हणून लिहा. बाकी शिस्तीची पानभर कलमं कुणी वाचत नाही.

जमा करायची पद्धत

प्रत्येक संघानं एकच झिप केलेलं फोल्डर द्यायचं. आत ‘स्टार्ट’ आणि ‘किल’ अशा दोन स्क्रिप्ट हव्यात. स्टार्टला सर्व्हरचा आयपी पत्ता बाहेरून मिळेल, आणि तिनं अकरा खेळाडू आणि असेल तर एक कोच (खेळाडूंना सूचना देणारा प्रोग्रॅम) सुरू करायचा. किलनं सगळं बंद करायचं, मागं एकही प्रोसेस उरता कामा नये. गोठवलेल्या इमेजवर नेटशिवाय चाललं पाहिजे. बऱ्याच संघांचा कोड स्वतःच्या लॅपटॉपवरच्या लायब्ररीच्या भरवशावर असतो, आणि हे नेट काढल्यावरच उघड होतं.

तारखा तीन ठेवा. पहिली, स्पर्धेच्या चार आठवडे आधी: संघ जोडला जातो आणि सामना संपेपर्यंत टिकतो का एवढंच बघायचं. दुसरी, दोन आठवडे आधी: आयोजक संघाशी चाळणी. तिसरी, आदल्या संध्याकाळी ६ वाजता: अंतिम कोड. त्यानंतर फोल्डरचा चेकसम (एक अक्षर बदललं तरी बदलणारा ओळख-क्रमांक) काढून भिंतीवर लावा. स्पर्धेच्या सकाळी ‘एकच ओळ बदलायची होती सर’ म्हणत कुणीतरी येणारच. भिंतीकडे बोट दाखवायचं.

तारखा विद्यापीठाच्या परीक्षेचं वेळापत्रक बघून ठरवा. आणि केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचा मोठा सामना असेल त्या दिवशी फायनल ठेवू नका, हॉल रिकामा राहील.

लॅबची मांडणी

एका ‘मैदानाला’ तीन मशीनं: एक सर्व्हर आणि मॉनिटरला, एकेक प्रत्येक संघाला. दोन्ही संघांची मशीनं अगदी एकसारखी हवीत, आणि बाजू बदलली की मशीनही बदलतं हे नियमात असू द्या. मधे गिगाबिट स्विच आणि केबल. वायफाय अजिबात नको. यूडीपीचं पाकीट हरवलं तर पुन्हा येत नाही, आणि १०० मिलिसेकंदांत चाल पोचली नाही तर त्या चक्राला खेळाडू नुसता उभा. प्रत्येक मशीनला यूपीएस हवा. कॉलेजच्या नेटवर्कपासून हा स्विच पूर्ण तोडा.

तोडण्याचं आणखी एक कारण आहे. मॉनिटरसुद्धा ६००० पोर्टवरच जोडला जातो, आणि त्याच्याकडून फाऊल देणं, चेंडू टाकणं, खेळाडू बाहेर काढणं अशा पंचाच्या आज्ञा सर्व्हर मानतो. म्हणजे नेटवर्कवर असलेला कुणीही मागच्या बाकावर बसून फ्रीकिक देऊ शकतो. पोरांना हे कळायला एक संध्याकाळ पुरते. सर्व्हरवर फक्त तीन पत्ते चालू ठेवा, संघांच्या मशीनवर मॉनिटर ठेवूच नका. सरावासाठी ६००१ वर जोडला जाणारा ट्रेनर चेंडू हवा तिथं ठेवू शकतो. तो मुळात बंदच असतो, सामन्याआधी बंद असल्याची खात्री करा. सामन्यातला ऑनलाइन कोच ६००२ वर येतो, तो वैध आहे.

तीन मशीनं नसतील तर सिंक मोड वापरा. साध्या मोडमध्ये सर्व्हर घड्याळाप्रमाणे पुढं जातो, कुणी उशीर केला तर त्याचं नशीब. सिंक मोडमध्ये सर्व खेळाडूंनी ‘झालं’ असा निरोप दिला की पुढचं चक्र. दोन संघांचे २२ खेळाडू आणि दोन कोच मिळून २४ प्रोसेस एकाच मशीनवर असल्या तरी त्यात अन्याय होत नाही, फक्त सामना लांबतो किंवा मशीन दणकट असेल तर लवकर संपतो. पायथनच्या संघांना तर हाच मोड बरा. संघाचा बेस ‘झालं’ पाठवतो का हे मात्र पहिल्या तपासणीतच बघून घ्या.

माझी पसंती मिश्र. चाळणी आणि गटफेरी सिंक मोडमध्ये रात्री आपोआप, सेमीफायनलपासून साध्या मोडमध्ये लोकांसमोर. दोन्हींत वागणं थोडं बदलतं, म्हणून संघांना दोन्हींत सराव करायला सांगा.

सामने आपोआप चालवणं

सर्व्हरमध्ये ऑटो मोड आहे. तो चालू करून डाव्या आणि उजव्या संघाच्या स्टार्ट स्क्रिप्टचे मार्ग दिले की सर्व्हर स्वतः संघ उठवतो, जोडणीची वाट बघतो, किकऑफ करतो, हाफटाइमनंतर पुन्हा सुरू करतो आणि संपल्यावर बंद होतो. तुम्हाला फक्त सामन्यांची यादी वाचून एकामागून एक सर्व्हर सुरू करणारी वीस-पंचवीस ओळींची शेल स्क्रिप्ट लिहायची आहे. लॉगचं फोल्डर प्रत्येक सामन्याला वेगळं द्या. प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघांची किल स्क्रिप्ट चालवा, नंतरही चालवा, आणि तरीही त्या युजरची एखादी प्रोसेस जिवंत असेल तर ती सक्तीनं मारा. आदल्या सामन्याचा भुतासारखा उरलेला गोलकीपर पुढच्या सामन्यात जोडला जाणं, यासारखा गोंधळ नाही.

निकाल हातानं टिपू नका. सामना संपला की सर्व्हर लॉगच्या फाइलीच्या नावातच तारीख, दोन्ही संघ आणि दोघांचे गोल लिहितो. नावं वाचून गुणतक्ता काढणारी छोटी पायथन स्क्रिप्ट पुरते.

वेळेचा हिशेब करून बघा. ८ संघ, ४-४ चे दोन गट, म्हणजे गटाचे १२ सामने. दोन सेमीफायनल, तिसऱ्या जागेचा सामना आणि फायनल धरून १६. गटाच्या सामन्याला जोडणीसकट १५ मिनिटं धरली तर ३ तास. बाद फेरीच्या चार सामन्यांना अतिरिक्त वेळ आणि पेनल्टी धरून २५-२५ मिनिटं, म्हणजे १०० मिनिटं. एकूण ४ तास ४० मिनिटं, एकाच मैदानावर. एका दिवसात बसतं, पण गटात एकेकच सामना होतो आणि तुल्यबळ संघांत एका सामन्यावरून फारसं काही ठरत नाही. चेंडूच्या प्रत्येक हालचालीत सर्व्हर थोडा योगायोग मिसळतो. म्हणून रात्रीचा मार्ग: आठही संघ एकमेकांशी दहा-दहा वेळा, म्हणजे २८० सामने. सिंक मोडमध्ये तुमच्या मशीनवर सामना समजा ३ मिनिटांत उरकत असेल तर १४ तास. दोन मशीनांवर वाटले की संध्याकाळी ७ ला लावून पहाटे २ ला मोकळे. त्या क्रमवारीवरून सेमीफायनलच्या जोड्या लावा.

रंगीत तालीम आणि प्रत्यक्ष दिवस

आठवडाभर आधी दोन बेस संघ घेऊन सगळी स्पर्धा खोटी खेळवा, उद्घाटनापासून बक्षिसाच्या यादीपर्यंत. मधेच मुद्दाम केबल काढा, एका संघाचे तीन खेळाडू मारा, सर्व्हर बंद करा, आणि प्रत्येक वेळी नियमावली उघडून उत्तर सापडतं का बघा. सापडलं नाही तर तिथं कलम कमी आहे. शोधायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर कलम चुकीच्या जागी आहे.

सामन्यावर तरीही एक माणूस पंच म्हणून हवाच. अकराही खेळाडू गोलरेषेवर भिंत करून उभे राहिले, किंवा कुणी मुद्दाम रस्ता अडवून बसलं, तर सर्व्हरला त्यात वावगं दिसत नाही. मॉनिटरवरून फ्रीकिक द्यायचा अधिकार या एकाच माणसाला. त्यानं तो किती वेळा वापरला हे नोंदवहीत लिहायचं, चक्र क्रमांकासह. पंच कोणत्याही संघाच्या कॉलेजचा नको, हे सांगायला नको.

प्रेक्षकांसाठी मॉनिटर प्रोजेक्टरवर घ्या, आणि माइक अशा पोराच्या हातात द्या ज्याला फुटबॉलही कळतो आणि कोडही. ‘सात नंबरचा दम संपलाय, बघा कसा लंगडतोय’ असं कुणी सांगितलं की ठिपक्यांच्या खेळालाही रंग चढतो. सॉकरविंडो२ नावाचा दुसरा मॉनिटर आहे, त्यात खेळाडूची नजर आणि चेंडूचा अंदाजे मार्ग दिसतो. हाफटाइमला गोलची पुनरावृत्ती त्यातूनच दाखवा, लॉग आहेतच.

तक्रारीची मुदत सामना संपल्यापासून २० मिनिटं, लेखी, चक्र क्रमांक लिहून. चक्र क्रमांक नाही तर तक्रार नाही. या एका अटीनं निम्म्या तक्रारी अर्जाच्या आधीच विरतात, कारण क्रमांक शोधायला लॉग उघडावा लागतो आणि लॉग उघडला की आपल्याच बचावफळीचं काय झालं ते दिसतं.

बक्षीस वाटप झालं की त्याच संध्याकाळी सगळे लॉग, सेटिंग फाइल आणि संघांच्या चालणाऱ्या प्रती एका डिस्कवर घ्या आणि सहभागी कॉलेजांना वाटा. जागतिक लीगमध्येही स्पर्धेनंतर संघांच्या बायनरी खुल्या होतात. नोंदणी अर्जावरच त्याची संमती घेऊन ठेवा, नंतर मागायला गेलं की जिंकलेला संघ फोन उचलत नाही. पुढच्या वर्षीच्या चाळणीला आयोजक संघ म्हणून यंदाचा विजेता उतरवायचा.